स्पीडबोट, कनू आणि चतुर्थीची भरती: जळगावहून गेलेल्या एका सहलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

खान्देशात बियाणे-खतांच्या दुकानदारांना कंपन्यांकडून परदेश सहल मिळणे आता नवीन राहिलेले नाही. खरिपाचे उद्दिष्ट पूर्ण केले की फेब्रुवारीत थायलंड, असा बऱ्याच तालुक्यांतला रिवाज आहे. हे प्रकरण अशाच एका गटाचे आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले दुकानदार आणि त्यांच्या घरची मंडळी, मिळून 31 जण. संयोजक जळगावचे, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मी त्यांच्याकडे सहायक म्हणून सोबत होते. बायकांच्या खोल्या, औषधे, जेवणाचे पथ्य माझ्याकडे, निर्णय भाऊंचे. गटातल्या कुणाची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत.

सहलीतला सगळ्यांत मोठा दिवस फांग-नगा उपसागराचा होता. फुकेत बेट आणि थायलंडची मुख्य भूमी यांच्या मधले हे पाणी. 1981 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे सुळके, त्यांच्या पोटातल्या गुहा आणि कडेने कांदळवन. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर बघत वाढलेल्या माणसाला हा दगड अनोळखी वाटतो. आपला काळा बेसाल्ट साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तर हा चुनखडक 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा. चुनखडी पावसाच्या पाण्यात विरघळते, म्हणून आतून पोकळ होत जाते. मोठ्या पोकळीचे छत कोसळले की डोंगराच्या पोटात आभाळ दिसणारे एक तळे तयार होते. त्याला तिथे हाँग म्हणतात. आत जायची वाट मात्र समुद्राच्या पातळीवरच्या बोगद्यातूनच.

ही शेवटची गोष्ट या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाची आहे. बोगद्याचे छत जिथे आहे तिथेच राहते, पाणी वर-खाली होते. ओहोटी फार झाली तर तळाशी चिखल उघडा पडतो आणि कनू, म्हणजे वल्ह्याने चालणारी छोटी होडी, अडते. भरती चढली तर छत आणि पाणी यांच्यामधली जागा संपते. दोन्हींच्या मधल्या थोड्या वेळातच आत शिरता येते आणि तेवढ्याच वेळात बाहेरही यावे लागते.

कार्यक्रम असा होता: सकाळी साडेआठला फुकेतच्या पूर्व किनाऱ्यावरच्या धक्क्यावरून स्पीडबोट, आधी पनाक बेटावर कनूतून गुहा, मग बॉण्डपटामुळे 1974 पासून गाजलेला खडक, पन्यी या खांबांवर उभ्या असलेल्या कोळी गावात जेवण, दुपारी हाँग बेट, पाचपर्यंत परत.

अडचण

आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी एकदम समोर आल्या.

पहिली गोष्ट स्थानिक गाईडने सांगितली. उद्या पूर्ण भरती दुपारी दीडच्या आसपास आहे, म्हणून पनाकच्या गुहेतून सगळ्यांनी पावणेअकरापर्यंत बाहेर आले पाहिजे. बोटवाल्यांच्या आठ कनू आहेत. एका कनूत वल्हवणारा आणि दोन प्रवासी, म्हणजे एका खेपेला 16 जण. दोन खेपा कराव्या लागणार, तेव्हा उशीर चालणार नाही.

दुसरी गोष्ट रात्री नऊनंतर कळली. गटातली एक नवी सून माझ्या खोलीत आली. तिला तिसरा महिना संपत आला होता. आपल्याकडे तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगत नाहीत, त्यामुळे नवरा आणि सासूशिवाय कुणालाच माहीत नव्हते, आणि सासू घरी होत्या. खोलीतल्या पत्रकावर गरोदर बाई आणि पाठीचे दुखणे असलेल्यांना स्पीडबोट मना आहे, असे चित्र होते. ते बघून ती घाबरली होती. गटात सगळे तिच्या सासरच्यांच्या धंद्यातले, ओळखीचे. नाही म्हटले तर कारण सांगावे लागणार, आणि कारण सांगितले की ते उद्याच सासरच्या गावी, शिंदखेड्यापर्यंत पोचणार.

पाठीच्या दुखण्यावरून आणखी एक नाव निघाले. धुळे जिल्ह्यातल्या साठीच्या एक काकू. कंबरेच्या मणक्याचे ऑपरेशन झालेले, पण नोंदणीच्या वेळी त्यांनी ते सांगितले नव्हते, कारण तेव्हा कुणी विचारलेच नव्हते. अर्जावर पासपोर्ट क्रमांक, शाकाहारी की मांसाहारी, खिडकीजवळची जागा हवी का, एवढेच रकाने होते.

समोर असलेले पर्याय

हॉटेलच्या खालच्या मजल्यावर भाऊ, गाईड आणि मी तासभर बसलो.

सगळ्यांना स्पीडबोटीतच न्यायचे आणि या दोघींना मागे, इंजिनाजवळ बसवायचे, हा पहिला विचार. बोटीचे नाक लाटेवर उचलले जाते आणि आपटते. त्यामुळे सगळ्यांत जास्त मार पुढच्या आसनांवर बसतो, मागे कमी. मणक्याचे हाड मोडण्याचे प्रकार बहुतेक पुढच्या जागांवरच होतात. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे, आणि फेब्रुवारीत ईशान्येकडच्या वाऱ्याने उपसागरातही पाणी थोडे खवळलेले असते. सुनेने तिच्या जळगावच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. स्पीडबोट नाही, गुहेतली कनू नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. शांत पाण्यातली हळू जाणारी बोट चालेल, पण मध्यभागी बसायचे आणि पोटात जरा जरी दुखले तरी लगेच उतरायचे.

दुसरा पर्याय म्हणजे सगळ्या गटाला मोठ्या संथ बोटीवर बदलून घेणे. दुसऱ्या दिवशीसाठी 31 जागा एका बोटीवर मिळत नव्हत्या.

तिसरा गटाचे दोन भाग करण्याचा. फुकेत बेट पुलाने मुख्य भूमीला जोडलेले आहे. गाडीने तिकडे जायचे, फांग-नगाच्या धक्क्यावरून लाँगटेल बोट घ्यायची. शेपटासारख्या लांब दांड्यावर पंखा असलेली ही लाकडी बोट कांदळवनातल्या खाडीतून संथ जाते. जेवायला पन्यी गावात सगळ्यांनी भेटायचे. खर्च वाढणार होता, पण बेत जमण्यासारखा होता.

दोघींनी दिवसभर हॉटेलवर राहायचे, असा चौथा पर्याय गाईडने सुचवला. भाऊंनी तो लगेच बाजूला ठेवला, आणि ते बरोबर होते. एवढ्या लांब आलेल्या बाईला खोलीत बसवून ठेवले की ती पुढच्या वेळी दुखणे लपवते.

रात्रीचा निर्णय

तिसरा पर्याय ठरला. प्रश्न उरला तो लोकांना काय सांगायचे याचा, आणि काकूंना पटवायचे कसे हा. भाऊ त्यांच्याकडे गेले आणि सांगितले, काकू, तुमची पाठ आहे, तुम्ही गाडीने या. काकू उसळल्या. अजून ट्रॅक्टरवर बसते मी, बोटीचे काय घेऊन बसलात? भाऊंनी पैशांचे, विम्याचे, नियमांचे सांगून पाहिले. काकू ऐकेनात.

मी सुनेला विचारले, काकूंना एकट्यांना सांगू का? तिने थोडा विचार केला आणि हो म्हणाली. काकूंनी ऐकून घेतले, क्षणभर गप्प राहिल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "पोरले एकली धाडू नका, मी जासू तिना संगे." मग स्वतःच उपाय काढला. सकाळी सगळ्यांसमोर कंबर धरून आपणच सांगायचे की मला स्पीडबोट झेपणार नाही, सोबतीला ही पोर आणि तिचा नवरा द्या. काकूंची बहीणही बरोबर जायला तयार झाली. सुनेचे नाव कारणात कुठेच आले नाही.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला हा सगळ्यांत चांगला निर्णय होता आणि तो काकूंचा होता. नियम सांगून जे झाले नाही ते जबाबदारी दिल्यावर झाले. पण हेही लक्षात ठेवले पाहिजे की सुनेची परवानगी न घेता मी काकूंना सांगितले असते, तर शेवट कितीही गोड झाला तरी ते चूकच ठरले असते.

सकाळ

तो संकष्टीचा दिवस होता. गटातल्या सात-आठ जणांचा उपास. तिथीचा आणि भरतीचा संबंध कोकणातल्या कोळ्याला तोंडपाठ असतो. तिथीला पाऊणपट केले की भरतीचा तास येतो, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीला भांग, म्हणजे लहान. फांग-नगाचे घड्याळ कोकणापेक्षा वेगळे आहे, तिथे हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. पण भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, हे तिथेही खरे. आपल्या तापी-गिरणेकाठच्या माणसाला पाणी चढते ते पुराने किंवा हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर. रोज दोनदा, ठरल्या वेळी, कुणासाठी न थांबता पाणी चढते ही गोष्ट ऐकून माहीत असते, अंगवळणी पडलेली नसते. गाईडने "उशीर नको" म्हटले तेव्हा लोकांना ते बस सुटण्यासारखे वाटले, आणि गटाची बस गटाला सोडून जात नाही हे सगळ्यांना माहीत असते.

थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तिथले सकाळचे सहा म्हणजे जळगावचे साडेचार. सातला खाली उतरलेल्यांत बायका आणि म्हातारी माणसे होती. तरुण मंडळी रात्री बाजारात फिरून आलेली, ती आठनंतर नाश्त्याला आली. भाऊ दोनदा वर जाऊन आले. काकूंची चार जणांची गाडी वेळेवर निघाली. उरलेल्या 27 जणांची स्पीडबोट साडेआठऐवजी 9 वाजून 35 मिनिटांनी सुटली.

धक्क्यावर गाईडने भाऊंना बाजूला घेऊन विचारले. पनाक सोडू या का? थेट हाँग बेटावर जाऊ. तिथल्या तळ्यात उघड्या खाडीतून शिरता येते, भरतीचा अडथळा नाही, सगळ्यांना कनू मिळेल. भाऊंनी पुढे असलेली यादी पाहिली. पत्रकात पनाकची गुहा छापलेली होती. ते म्हणाले, निदान जाऊन बघू. हा या प्रकरणातला दुसरा मोठा निर्णय. तो दोन मिनिटांत, उभ्या उभ्या झाला.

गुहेच्या तोंडाशी

सव्वादहाला पनाकला पोचलो. कनूत उतरताना जे पुढे होते ते आधी बसले. पुढे कोण होते? उशिरा आलेले तरुण, कारण ते चटकन उडी मारून उतरले. बायका आणि वयस्क मंडळी लाइफ जॅकेटच्या कड्या लावत राहिली. पहिली खेप 16 जणांची गेली.

त्या खेपेत गटातल्या एका ताईंसोबत भाऊंनी मला पाठवले होते, त्या पाण्याला फार घाबरायच्या. बोगद्याच्या तोंडाशी वल्हवणाऱ्याने वल्हे आडवे ठेवले आणि हाताने खूण केली: झोपा. पूर्ण पाठीवर, हात आत. छत नाकाच्या वर वीतभर राहिले. दगडाला कालवांच्या शिंपल्या चिकटलेल्या, पातळ धारेच्या. मान उचलली असती तर कपाळ सोलून निघाले असते. वल्हवणारा तळहात दगडाला टेकवत कनू पुढे ढकलत होता. वटवाघळांचा उग्र वास, अंधार, आणि पाणी दगडाला लागून चुळचुळ वाजत होते. मग एकदम उजेड. चारही बाजूंनी सरळ भिंती, त्यांना लोंबकळणारी झाडे, मधे हिरवे पाणी आणि कडेला चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे. ताईंनी माझे मनगट सोडले ते तिथे. आत जेमतेम दहा मिनिटे मिळाली. वल्हवणाऱ्यांनी एकमेकांना हाका मारल्या आणि सगळ्या कनू वळल्या. बाहेर येताना छत आणखी खाली आलेले कळत होते.

बाहेर आलो तेव्हा पावणेअकराची वेळ टळून गेली होती. पुढच्या 11 जणांना कनूत बसवून मुख्य वल्हवणारा तोंडापर्यंत गेला, पाणी बघितले आणि परत फिरला. नाही.

इथे खरा वाद झाला. एक दुकानदार म्हणाले, पैसे सगळ्यांनी सारखेच दिलेत. पहिल्या खेपेतल्या दोघा पोरांनी वल्हवणाऱ्यासमोर नोटा धरल्या, आमच्या आईला तरी घेऊन जा म्हणून. आत्ताच तर आपण आलो, पाच मिनिटांत काय फरक पडतो, असे त्यांचे म्हणणे. फरक पडतो. आत शिरायला जागा असली तरी परत येताना ती राहील याची खात्री नसते, आणि आत अडकलेल्याला पाणी उतरेपर्यंत तासन्‌तास थांबावे लागते. वल्हवणारा नोटांकडे बघतही नव्हता.

भाऊंनी त्या क्षणी गटाची नव्हे, वल्हवणाऱ्याची बाजू घेतली. त्यांनी पोरांना नोटा खिशात ठेवायला सांगितल्या आणि मोठ्याने म्हणाले, तो नाही म्हणतो म्हणजे नाही. 5 जुलै 2018 ला याच फुकेतजवळ वादळात एक पर्यटक बोट बुडून 47 माणसे गेली, हे त्यांना ठाऊक होते आणि तेही त्यांनी सांगितले. आवाज खाली आले. राग मात्र गेला नाही. एक काकी एवढेच म्हणाल्या, "आम्ही सातला खाली येऊन बसलो होतो, भाऊ." याला कुणाकडेही उत्तर नव्हते.

दिवसाचा उरलेला भाग

बॉण्डच्या खडकापाशी काही जण हिरमुसले. सुमारे 20 मीटर उंचीचा, खाली निमुळता आणि वर रुंद असा हा खडक जवळ जाऊन हात लावण्यासाठी नाही. लाटांनी त्याचा पाया झिजतो, म्हणून बोटींना 1998 पासून त्याच्याजवळ जायला बंदी आहे. किनाऱ्यावरूनच फोटो काढायचा असतो. हे आधी सांगितलेले बरे.

पन्यी गावात काकूंची मंडळी आमच्या आधी पोचून बसली होती. कांदळवनातून येताना त्यांनी माकडे पाहिली, बोटवाल्याने दोनदा इंजिन बंद करून शांत थांबू दिले. सुनेचा चेहरा मोकळा होता. जेवण मासळीचे गाव असूनही शाकाहाऱ्यांचे वेगळे शिजवले होते, कारण भाऊंनी माशाचा सॉस चालणार नाही हे मुंबईहून निघण्याआधीच लिहून घेतले होते. उपासवाल्यांसाठी शहाळी आणि केळी. केळी बघून मात्र रावेर-यावलची मंडळी सगळे वाद विसरली. आपल्या जी-नाइन जातीच्या केळ्यांच्या मानाने बुटकी, जाड केळी. घड किती फण्यांचा असेल, सालीची जाडी किती, यावर जेवण संपेपर्यंत चर्चा.

दुपारी हाँग बेटावर गाईडने न सांगता एक गोष्ट केली: कनूत आधी सकाळी राहिलेल्या 11 जणांना बसवले. दोन जण बसलेच नाहीत. त्यांचा राग तेवढ्याने निवणारा नव्हता.

परिणाम

कुणाला इजा झाली नाही. सुनेला नंतर मुलगी झाली, दोघी सुखरूप. काकूंनी पाठीचे ऑपरेशन लपवल्याचे स्वतः कबूल केले. परत आल्यावर दोन कुटुंबांनी कंपनीकडे तक्रार केली की पत्रकात छापलेली गुहा दाखवली नाही. बोटवाल्यांनी पैसे परत दिले नाहीत. उशीर गटाचा होता, त्यामुळे ते द्यायला बांधीलही नव्हते. भाऊंनी 11 जणांना कनूच्या वाट्याची रक्कम आपल्या खिशातून दिली. उशिरा उतरलेल्यांकडून ती वसूल करावी का, यावर गटात आजही दोन मते आहेत.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते खरा उशीर सकाळी नाही, नोंदणीच्या वेळी झाला. गरोदरपण, मणक्याचे-गुडघ्याचे ऑपरेशन, दमा, पाण्याची भीती हे प्रश्न जळगावातच विचारायला हवे होते. तेही सगळ्यांच्या हातून फिरणाऱ्या अर्जावर नव्हे, बायकांना बाईने, एकेकटीला, फोनवर. उत्तर मिळण्याआधी पर्याय सांगायला हवा: बोट नको असेल तर गाडीने पन्यीला येता येते, जेवण एकत्रच. पर्याय ऐकला की माणूस खरे सांगतो.

धक्क्यावरचा निर्णय मी वेगळा घेतला असता. पनाक सोडून सगळ्यांना हाँगला नेले असते तर गुहा कुणालाच मिळाली नसती, पण 11 जणांना डावलल्याची भावना आली नसती. भाऊंचे यावर मत आजही वेगळे आहे. 16 जणांना जे दिसले ते आयुष्यभर पुरेल, ते का हिरावायचे, असे ते म्हणतात. मी आत जाऊन आलेली आहे, त्यामुळे त्यांचे म्हणणे मला सहज खोडता येत नाही. पण दोन खेपा करायच्याच होत्या तर पहिल्या खेपेत कोण, हे बोटीत बसल्यावर नव्हे, आदल्या रात्री ठरायला हवे होते: वयस्क, बायका आणि वेळेवर आलेले आधी.

आणि तारीख. समुद्रातल्या गुहांचा दिवस ठरवताना भरतीचे कोष्टक आधी मागवायचे, तिकिटे नंतर काढायची. त्याच आठवड्यात आम्ही तीन दिवस आधी गेलो असतो तर भरती अकराच्या सुमारास आली असती, म्हणजे सकाळी गुहा बंदच; पण दुपारी पाणी उतरताना, दोन-अडीचच्या पुढे, वाट मोकळी झाली असती. मग तरुणांनी दहापर्यंत झोपून घेतले असते तरी चालले असते. भाऊ आता बोटवाल्यांना पहिला प्रश्न दराचा नाही, त्या दिवशीची भरती किती वाजता, हा विचारतात. पत्रकात गुहेचे नाव छापत नाहीत, "भरतीनुसार पनाक किंवा हाँग" एवढेच छापतात.